घरच्या मीटरवर चालणारं मशीन

राहीबाईला रायगोंडा नीट ओळखत होता असं म्हणणं धाडसाचं होईल. सांगलीत ज्या दुकानात तो विक्रीला उभा असे तिथं ती अधूनमधून आली, एका नागपंचमीला तो तिच्या घरी राहिला, आणि दोघांचं बोलणं झालं ते बहुतेक लोखंडाबद्दल. तिचं माहेर कुठलं, ती शाळेत गेली होती का, एकटी असताना तिच्या मनात काय चाले, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. एवढ्याशा ओळखीवर एखाद्या माणसाबद्दल सांगायला बसावं की नाही, हा प्रश्नच आहे. पण जास्त ओळखणारं कुणी सांगायला आलेलं नाही, तेव्हा आहे ते असं आहे.

आणीबाणीचे दिवस होते. दुकान गणपती पेठेच्या एका बोळात होतं. पाण्याच्या मोटारी, स्टार्टर, वायरी, पट्टे असा माल. मालक अजितकुमार शेठ गल्ल्यावर बसत आणि रायगोंडा काउंटरवर उभा राही. शेठजी बोलके, रायगोंडा अबोल. गिऱ्हाइकानं दोनदा विचारलं की तो एकदा उत्तर देई, पण दिलेलं उत्तर खरं असे, म्हणून खेड्यातली माणसं त्याच्याच पुढ्यात उभी राहत.

मृगाचे दिवस सरत आले होते तेव्हा एका दुपारी राहीबाई आली. पस्तिशीच्या आतबाहेरची, उंच, नऊवारी नेसलेली, काखेत छत्री. पंपाचा व्हॉल्व्ह न्यायला आलेल्या शेतकऱ्यांची गर्दी हटेपर्यंत ती दाराशी थांबली. मग पुढं येऊन म्हणाली,

"अण्णा, लोखंड जोडायचं मशीन दावा."

"वेल्डिंगचं? कुणाला पायजे, बाई?"

"मलाच."

शेठजींनी गल्ल्यावरून मान वर केली. "तुमचे मालक कुठं आहेत?"

"घरात हायत. त्यांनी घरात ऱ्हावं म्हणूनच न्यायचं हाय."

शेठजींना हसू आलं. "नवऱ्याला बांधून ठेवायला मशीन? दावं घ्या की बाजारातनं, स्वस्त पडंल."

"दावं तोडून जात्यात, शेठ," ती म्हणाली. ती हसली नाही, रागावलीही नाही.

मग तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. तिचा नवरा मानसिंग लष्कराच्या वर्कशॉपात वेल्डर होता. लग्न झालं तेव्हापासून दर वर्षाची सुट्टी काय ती तिच्या वाट्याला आलेली. मुलगा कराडला बोर्डिंगात, घरी ती आणि सासू. गेल्या दिवाळीत मानसिंग पेन्शनवर घरी आला तेव्हा तिला वाटलं, आता झालं, आता हा माणूस आपला. पण त्याच्याबरोबरचा कडेगावचा एक जण कुवेतला गेला होता आणि तिकडं वेल्डरला फार मागणी आहे अशी बातमी गावोगावच्या पेन्शनर मंडळींत फिरत होती. मानसिंग रोज संध्याकाळी एस.टी. थांब्याच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागला.

"तोंडानं काय बोलत न्हाईत," ती म्हणाली. "पर रस्त्याकडं बघत बसत्यात. घरातली कडी मोडली तर तारंनं बांधून देत्यात, खिळा ठोकत्यात, आन् पुन्यांदा हात रिकामं. हाताला त्यांचं काम मिळालं तर बूड टेकंल, असं मला वाटतंय."

शेठजींनी मागच्या खोलीतलं मोठं मशीन दाखवायला सांगितलं. तेल भरलेलं, चाकांवरचं, माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच. "हे न्या. ट्रॉल्या जोडा, नांगर जोडा. दाराशी रांग लागंल. जन्माची भाकरी झाली."

"ह्याला वीज कुठली लागती?"

"तीन फेजची," रायगोंडा म्हणाला. "विहिरीवर मोटार आहे न्हवं? त्या लायनीवर चालंल."

राहीबाईनं मान हलवली. "मग हे मळ्यात ऱ्हाणार आन् तेबी मळ्यात. मळा रस्त्याला हाय, अण्णा. येनारी जानारी एस.टी. दिसती तितनं. मला घरच्या मीटरवर चालणारं पायजे."

रायगोंडानं बरीच मशिनं विकली होती. कुणी रॉड किती जाडीचा घेतं ते विचारी, कुणी हप्त्यानं द्याल का विचारी. मशीन घरात राहील की मळ्यात, यावरून निवड करणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "घरात जोडणार काय काय?"

"बादलीची कडी. खिडकीचं गज. परड्याचं फाटक मोडलंय ते. खाटंचा पाय. आनखी काय असतंय घरात?"

"मग मोठं घेऊ नका," रायगोंडा हळूच म्हणाला, शेठजींना ऐकू जाऊ नये असं. "पातळ पत्र्याला त्याचा करंट झेपत नाही. भोकं पडतील."

घरच्या मीटरवर चालणारी दोन मशिनं दुकानात होती. एक अॅल्युमिनियमच्या तारेचं, हलकं आणि स्वस्त. दुसरं सांगलीतल्याच एका कारागिरानं तांब्याची तार गुंडाळून केलेलं, त्यावर कुणा कंपनीचं नाव नव्हतं, रंगही धड नव्हता. तिनं छत्री बाजूला ठेवली आणि दोन्ही उचलून पाहिली. पहिलं गुडघ्यापर्यंत आलं. दुसरं हललं नाही.

"हे हलकं लवकर तापतं," रायगोंडा म्हणाला. "थोडं जोडलं की बंद करून बसावं लागतं. तांब्याचं चालंल बरीच वर्षं, पण जड आहे. नेताना त्रास."

"जडच असू द्या. एकदा ठिवलं की कुठं हालवायचंय."

अंगणात नेऊन त्यानं दोन तुकडे जोडून दाखवले. उघड्या डोळ्यांनी बघू नका, म्हणून काळी काच तिच्या हातात दिली. लोकांना त्या काचेतून आधी अंधार दिसतो आणि मग ते ती बाजूला करून चोरून ठिणग्या बघतात आणि रात्री डोळे चोळत बसतात. राहीबाईनं काच काढलीच नाही. तो थांबला तरी ती तशीच धरून उभी होती.

"आत पाण्यागत हालतंय," ती म्हणाली. "दुधावर साय धरती तसं मागनं धरत येतंय."

रायगोंडाला स्वतःला ते बघायला शिकताना महिने गेले होते.

पैसे तिनं मनीऑर्डरींतून राखलेले होते. तांब्याचं छोटं मशीन त्यात बसलं, वर रॉड धरायचा होल्डर, वायर, काच आणि रॉडची दोन पाकिटं. नेऊन जोडून द्यायचं काम रायगोंडाकडं आलं.

ते न्यायला मिळाला नेमका पंचमीच्या आदला दिवस. शिराळ्याच्या गाडीला उभं राहायला जागा नव्हती. नागांची मिरवणूक बघायला कुठून कुठून माणसं निघालेली. मशीन पोत्यात गुंडाळून टपावर चढवताना हमालांनी आईबाप आठवले. कंडक्टरनं खालून विचारलं,

"पोत्यात काय हाय?"

"मशीन आहे."

"नाग न्हाई न्हवं? परवा एका गड्यानं मडकं आनलं आन् वर झाकण ढिलं. माझी अर्धी गाडी इस्लामपुरातच मोकळी झाली."

"नाग येवढा जड असतोय व्हय रं?" मागून कुणीतरी म्हणालं. "म्हातारा असंल," आणखी कुणीतरी म्हणालं, आणि गाडी हसत हसत सुटली.

वारणेच्या अंगाला, शिराळ्याच्या थोडं पुढं राहीबाईची वाडी. गाडी थांबली तेव्हा दिवस मावळत होता. कट्ट्यावर बसलेल्यांतला एक जण न सांगता उठला आणि टपावरून पोतं उतरवायला लागला. काटक अंगाचा, मिशा कातरलेला, पायजम्यावर फौजी स्वेटर. पोत्यावर हात पडताच त्याचे हात थबकले. त्यानं कापडावरूनच कडा चाचपल्या.

"ट्रान्सफॉर्मर हाय," तो म्हणाला. "कुणाचा?"

"मानसिंगरावांच्या घरी न्यायचाय."

"मानसिंग मीच."

दोघांनी पोतं आलटून पालटून नेलं. दारात राहीबाई उभी होती. मानसिंगनं पोतं खाली ठेवलं, पाठ सरळ केली आणि तिच्याकडं पाहिलं.

"हे कशाला?"

"बादलीची कडी तुटलीया," ती म्हणाली, आणि पाहुण्याला पाणी आणायला आत गेली.

सकाळी उठून रायगोंडानं कुदळ मागितली. अर्थिंगसाठी परड्यात खड्डा काढायचा होता. मशिनाला जमिनीची जोड दिल्याशिवाय चालू करायचं नाही, हा त्याचा नेम होता. त्याचे वडील शेतकरी होते, पण ते होते सांगलीकडच्या जैन वस्तीत. पंचमीला भुईला लोखंड लावत नाहीत ही गोष्ट त्याच्या कानावर होती, तरी त्या सकाळी ती आठवली नाही. कुदळ उचलली तोच मानसिंगची आई, बनुबाई, दारातून आली.

"ठिव ते खाली. आज भुईला काय लावायचं न्हाई. खाली त्यो असतोय."

"हातभरच खड्डा आहे, आजी."

"त्यो काय हात मोजून निजतोय व्हय?"

मानसिंग ओट्यावर दाढी करत होता. तो म्हणाला, "राहू द्या, साहेब. खड्डा उद्या. आज नुसतं चालवून बघू, वायर परड्यातल्या नळाच्या पायपाला लावून."

"चालवून म्हंजी काय करनार?" म्हातारीनं विचारलं.

"लोखंड तापतंय आन् जोडतंय, आई. तडतड आवाज येतोय थोडा."

"फोडणीवानी?"

मानसिंगनं वस्तरा थांबवला. लष्करात खोटं बोलायची सवय झाली नसावी. "तसाच," तो म्हणाला.

"मग ते तळणंच झालं. आज तळायचं न्हाई, चिरायचं न्हाई, तवा ठिवायचा न्हाई. माझ्या घरात तर न्हाईच."

झालं. तळणं की जोडणं यावर कुणी वाद घातला नाही. रायगोंडाला तो दिवस तिथंच काढावा लागला. मशीन ओट्यावर पोत्याच्या बाहेर बसलेलं, आणि मानसिंग त्याच्याभोवती. कधी समोर बसून, कधी मागून वाकून. करंट कमीजास्त करायची मूठ तो फिरवून बघे. त्याखाली खूण कुठं केलीय, वायर किती जाडीची, होल्डरचा स्प्रिंग कसा, सगळं हातांनी विचारून घेई. संध्याकाळ झाली तरी तो थांब्याकडं गेला नाही. हे राहीबाईनं पाहिलं आणि ती पाहतेय हे रायगोंडानं पाहिलं.

सकाळी भिंतीवर गंधानं नाग काढून तिनं पूजा केली होती. लाह्या, दूध, आघाडा. जाताजाता त्याच हळदीकुंकवाचं बोट तिनं मशिनाच्या डोक्यावर टेकवलं. दुपारी पुरणाचे उकडलेले दिंड झाले. पाहुणा जैन म्हणून तिनं सासूला विचारून कांदालसूण सगळ्या स्वयंपाकातूनच वगळलं. रायगोंडानं नको नको म्हटलं तरी तूप ओतत राहिली.

जेवताना मानसिंग त्याच्याशी मोकळेपणानं बोलला. जबलपूरच्या वर्कशॉपबद्दल, सरहद्दीवरच्या बर्फात तडकलेली गाडी रात्रीत कशी जोडली त्याबद्दल. मग सहज बोलल्यासारखा म्हणाला, "कुवेतात म्हणं पाइपलायनीच पाइपलायनी. टेस्ट मात्र कडक घेत्यात मुंबईत. खालचं कुनीबी जोडतंय. उभं आन् उलटं जोडून दावायला लागतं. डोक्यावरचं." त्यानं हात वर करून दाखवलं. राहीबाई दिंड वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी खड्डा निघाला. त्यात कोळसा आणि मीठ घालताना बनुबाईनं "एवढं मीठ भुईला" म्हणून हळहळ केली. मशीन सुरू झालं. बादली उलटी करून राहीबाईनं कडी जागेवर धरली, मानसिंगनं रॉड टेकवला आणि शेजारच्या घरातला रेडिओ खरखरायला लागला. तिथून एक जण ओरडला, "मानसिंगराव, बातम्या चालल्यात." मानसिंग काचेआडून म्हणाला, "बातम्यांत काय असतंय आता, तेच ते," आणि जोडत राहिला. कडी अशी बसली की बादली फुटली असती पण कडी सुटली नसती. त्यानं ती राहीबाईच्या हातात दिली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून रायगोंडाला वाटलं, ही बाई जिंकली.

त्यानंतर राहीबाईची बहीण सांगलीत असल्यानं ती महिन्यादोन महिन्यांनी यायची आणि जाताना दुकानात डोकावायची. रॉड न्यायला. शेठजी विचारायचे, "काय, बसलं का बूड?" ती सांगायची. फाटक झालं. खिडक्या झाल्या. आळीतल्या सगळ्या बादल्या झाल्या. कुणी पैसे देतं, कुणी वांगी देतं. मानसिंगनं रॉड टेकवला की आळीतले दिवे मिणमिणतात, म्हणून शाळकरी पोरांनी त्याचं नाव ठेवलंय 'लोडशेडिंग'. ती बोलायची तशी थोडकीच, पण येताना तिचा चेहरा वेगळा असायचा. मानसिंगचं थांब्यावर जायचं बंद झालंय, हे तिनं दोनदा सांगितलं.

आणीबाणी उठली, निवडणूक झाली, सरकार बदललं. त्या उन्हाळ्यात तिच्या खरेदीत फरक पडायला लागला. आधी बारीक रॉडची पाकिटं न्यायची, आता दहा नंबरचे जाड रॉड (नंबर कमी तितका रॉड जाड), तेही ढिगानं. मग तिनं विचारलं, जाड पत्र्याचे तुकडे भंगारात कुठं मिळतील. हाताच्या पंजाएवढे चालतील, पण सगळे सारखे हवेत.

रायगोंडानं पाकिटं बांधता बांधता विचारलं, "आता काय करताहेत मालक?"

"छपरीच्या तुळईला पत्रं टांगत्यात आन् खाली निजून जोडत्यात. अंगावर ठिणग्या पडत्यात. दोन सदरं गेलं. जोडलं की करवतीनं कापून बघत्यात, आत कसं झालंय ते. पुन्यांदा टांगत्यात."

रायगोंडाच्या हातातला दोरा तसाच राहिला. घरात उलटं टांगून जोडायचं असं काही नसतं. बादली नाही, खाट नाही, फाटक नाही. पंचमीच्या जेवणातलं बोलणं त्याला आठवलं. सांगावं की सांगू नये या विचारात तो बराच वेळ गाठ मारत राहिला. शेवटी खाली बघून म्हणाला,

"बाई, घरकामाला उलटं जोडायला लागत नाही."

"ठावं हाय," ती म्हणाली.

दुकानात आणखी कुणी नव्हतं. शेठजी जेवायला गेले होते.

"पयल्या दिवशी तुळईला पत्रा टांगला तवाच कळलं. पंचमीला बोलले होते की, तुमच्या म्होरंच."

"मग पत्रे कोण धरतं?"

"मीच."

रायगोंडाला ते कळेना. त्यानं तिच्याकडं पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच सरळ पाहिलं असेल. "तुम्ही का धरता? धरू नका."

"न्हाई धरलं तर वाकडं जोडंल की, अण्णा."

ती हे असं म्हणाली की जणू दुसरं काही उत्तर असूच शकत नव्हतं. भाकरी करपू द्यायची नाही, गाईचं दूध सांडू द्यायचं नाही, आणि मानसिंगच्या हातचं लोखंड वाकडं जोडू द्यायचं नाही. ज्या कामापायी तो जाणार होता ते काम तिच्या डोळ्यांदेखत रोज चांगलं होत गेलं होतं आणि ते तिला कुणापेक्षाही आधी काचेतून दिसत होतं.

"परवाचं एक लय सुरेख झालं," ती पाकीट पिशवीत घालत म्हणाली. "कापलं तर आत भोक न्हाई, काय न्हाई. नुसतं रुप्यावानी. म्या म्हटलं, आता तुमाला कोन नापास करतंय. ते उगं हसले."

पुढच्या जानेवारीत मानसिंग मुंबईला जाऊन टेस्ट पास झाला आणि तिकडूनच कुवेतला गेला. ही बातमी तिनं सांगितली नाही. शिराळ्याहून जळालेल्या मोटारीची तार नव्यानं भरून न्यायला आलेल्या कुणाकडून ती दुकानात आली. शेठजी म्हणाले, "अरेरे. पैसे वाया गेले बाईचे." पैसे वाया गेले असं रायगोंडाला वाटत नव्हतं, पण काय गेलं आणि काय राहिलं हेही त्याला मांडता आलं नसतं. ते मशीन आता ती विकायला आणेल आणि आपल्यालाच त्याचा भाव करावा लागेल, एवढीच एक भीती त्याच्या मनात राहिली. जुन्या मशिनाला फार कमी किंमत येते.

बरेच महिने ती आली नाही. मग एका श्रावणात आली. तीच छत्री. हातात मशीन नव्हतं, बरोबर कुणी हमालही नव्हता. रायगोंडाला एवढं बरं वाटलं की तो काउंटरच्या बाहेर आला आणि मग काय करायचं ते न सुचून परत आत गेला.

"बारीक रॉड द्या, अण्णा. बारा नंबरचं. एकच पाकीट."

"मालक आलेत?"

"न्हाई. पंचमीला येतो म्हणाले हुते. पंचमी गेली की. आता दिवाळीला म्हणत्यात."

पाकीट काढता काढता त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं. उजव्या मनगटाच्या वर, बांगड्यांच्या मागं, तांदळाच्या दाण्याएवढे भाजल्याचे डाग होते. काही जुने, काही ताजे. ज्या ठिणग्या वरून पडतात त्यांचे असे डाग होत नाहीत. रॉड धरणाऱ्याच्या हातावर होतात. हे त्यानं ओळखलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

तिनं पदर मनगटावर ओढला, पण लपवायचं म्हणून नसावं. "फाटकाची बिजागरी सुटली. कुणाला सांगायची? बघून बघून ठावं झालं हुतं कसं टेकवायचं ते. पयल्यांदी दोनदा चिकटून बसला रॉड. मग सुटला." ती थोडी हसली. "दिवे बारीक झाले न्हवं, तर समोरची जाऊ पळत आली. भाऊजी आले काय म्हणून. तिच्या मागनं आनखी दोघी. आळीला वाटलं, मानसिंग आला."

"मग?"

"मग काय. म्या काच काढली, तर मीच. गेल्या माघारी." तिनं पिशवी उघडून धरली. "आता दिवे हलले तर कुनी येत न्हाई. सासूबाई तेवढ्या म्हणत्यात, पंचमीला नगं हं. म्हटलं, न्हाई, पंचमीला न्हाई."

रायगोंडाला विचारायचं बरंच होतं. घरात एकटं वाटतं का, तो परत यावा म्हणून ती अजून काही करते का, की आता त्या काचेतून बघताना तिला दुसरंच काही दिसतं. यातलं त्यानं काही विचारलं नाही. तशी त्याची रीत नव्हती, आणि तिचीही नव्हती. पुढच्या वर्षी शेठजींनी धंदा भावाला दिला, रायगोंडा शेतीवर गेला आणि त्यानं पुन्हा कधी राहीबाईला पाहिलं नाही. मानसिंग त्या दिवाळीला आला की नाही हेही त्याला कधी कळलं नाही. पण त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं नेहमीसारखंच विचारलं.

"आणखी काय देऊ?"

"काच एक द्या. जुनीला चीर गेलीया."

त्यानं काच कागदात गुंडाळली, वर दोरा बांधला.

"पिशवीत उभी ठेवा. आडवी ठेवली तर गाडीत फुटंल."

"व्हय. हातातच धरती." तिनं छत्री काखेत घेतली. "येती, अण्णा."

"या."